डेव्हलपर म्हणून नाव कमवायचं कसं: पहिल्या बगपासून राजीनाम्यापर्यंत

मी बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून काम करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं मुलाखतीही घेतोय. लातूर, सांगली, अकोला, जळगावच्या कॉलेजांतून आलेल्या मुलामुलींचे रेझ्युमे समोर येतात. बहुतेकांत तेच ते असतं: आठ-दहा प्रोग्रामिंग भाषांची यादी, दोन-तीन सर्टिफिकेटं, शेवटच्या वर्षाचा एक प्रोजेक्ट. पंधरा मिनिटं बोललं की कळतं, मुलगी हुशार आहे, डोकं चालतंय. पण कागदावर तिचं असं काहीच नसतं जे मी स्वतः उघडून पाहू शकेन. अशा कित्येक जणी आणि जण माझ्या पातळीपर्यंत पोचतही नसतील, आधीच गाळले जात असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आमच्या धंद्यात नाव होणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. मीटिंगमध्ये एखादं किचकट काम निघतं, सगळे गप्प बसतात, आणि कुणीतरी म्हणतं, "हे तिच्याकडे द्या. ती पूर्ण करेल आणि काय केलं ते लिहूनही ठेवेल." हे वाक्य तुमच्याबद्दल, तुम्ही खोलीत नसताना बोललं जावं, एवढ्यासाठी पुढच्या सगळ्या पायऱ्या आहेत. त्यांना आठवड्याचे तीन-चार तास लागतात आणि साधारण दोन वर्षं. हिंजवडीची ट्रॅफिक, घरचं काम, लहान मूल हे सगळं सांभाळून ज्यांना तीनच तास मिळतात, त्यांनाही हे जमतं. मात्र ते तीन तास दर आठवड्याला मिळायला हवेत.

पायरी १: आपली गल्ली निवडा

"फ्रंटएंड करू की बॅकएंड?" (म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा भाग की पडद्यामागचा?) हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याचं उत्तर फारसं महत्त्वाचं नाही, पहिली नोकरी बहुतेक वेळा ते ठरवूनच देते. त्याऐवजी स्वतःला विचारा: असं काय आहे जे मला सहज दिसतं आणि शेजारच्या डेव्हलपरला दिसत नाही? घरी दुकान असेल तर बिलिंग आणि उधारीचे हिशेब तुम्हाला कळतात. बँकेत काम केलं असेल तर व्याजाची गोलाबेरीज कळते. आणि मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाकडे एक गल्ली आयतीच आहे: आपली लिपी संगणकात कुठे कुठे मोडते, ते आपल्याला बघताक्षणी कळतं.

ही गल्ली मी चांगली हिंडलो आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. खालच्या गोष्टी आज संध्याकाळी स्वतः करून पाहा.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलला (मजकुरात नमुने शोधणाऱ्या भागाला) बॅकस्लॅश-डब्ल्यू ही शब्दातलं अक्षर ओळखणारी खूण वापरून "मराठी" या शब्दातून शब्द वेगळे काढायला सांगा. हातात "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे येतात. कारण असं की काना आणि वेलांटी ही युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी अक्षरं नाहीत, अक्षराला जोडली जाणारी चिन्हं आहेत, आणि ते मॉड्यूल चिन्हांना शब्दाचा भाग धरत नाही. मराठी मजकुरावर शब्द मोजणारं किंवा शोध घेणारं एखादं साधन असं लिहिलं असेल, तर ते गुपचूप चुकीचं उत्तर देतंय.

जावास्क्रिप्टला "मराठी" शब्दाची लांबी विचारा. ५ येते. डोळ्यांना अक्षरं ३ दिसतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तोच शब्द १५ बाइट घेतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण "नाव जास्तीत जास्त २० अक्षरांचं" असा नियम लिहिणाऱ्याने त्यातला कोणता आकडा धरला, यावर एखाद्याचं आडनाव अर्धवट छापलं जाणार की नाही ते ठरतं.

"ॲड." हे वकिलांच्या नावाआधीचं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. युनिकोडमध्ये "ॲ" हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन ते लिहीत, आणि आजही अनेक कीबोर्डांवर तसंच लिहिलं जातं. दिसायला दोन्ही सारखीच, पण संगणकाला वेगळी. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायचे वेगवेगळे प्रकार एकसारखे करणं) केलं तरी ती एक होत नाहीत. मग यादीत नाव असूनही शोधल्यावर सापडत नाही.

वर्णक्रमाचंही तसंच. शाळेत आपण "ह, ळ, क्ष, ज्ञ" असं म्हणत शेवटाकडे गेलो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. नुसत्या कोडच्या क्रमाने यादी लावली की ळ चुकीच्या जागी जातो. तो योग्य जागी आणायचा तर मराठीसाठीचा क्रम वापरणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) लागते. फॉर्ममध्ये कुणी "९८" असे देवनागरी अंक टाकले, तर पायथनला ते आकडे म्हणून कळतात, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र ते ओळखत नाही. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्यामुळे दवाखान्याचा अपॉइंटमेंटचा छोटासा मेसेजही दोन मेसेजचं बिल लावतो. अर्धा र, म्हणजे "दर्या" आणि "दऱ्या" यातला फरक, फॉन्ट आणि कीबोर्ड दोघांनी मिळून सांभाळावा लागतो.

यातली एकेक गोष्ट म्हणजे एकेक पॅच (कोडमधली दुरुस्ती) आहे. ब्राउझर, ऑफिसची सॉफ्टवेअरं, शोधाच्या लायब्ररी, पीडीएफ बनवणारी साधनं, सगळीकडे हे प्रश्न आहेत आणि तिथल्या बहुतेक मेंटेनरना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) आपली लिपी वाचता येत नाही. ज्या लोहित फॉन्टांवर लिनक्सवरच्या भारतीय भाषा वर्षानुवर्षं दिसत आल्या, त्यांवरचं पुष्कळ काम रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केलं. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ मध्ये पुण्यातच उभी राहिली आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्यात तिचा मोठा वाटा होता. म्हणजे ही वाट आपल्या गावातूनच जाते.

तुमची गल्ली वेगळी असू शकेल. एकच निवडा आणि दोन वर्षं तिच्यात राहा.

पायरी २: बग पुन्हा घडवून दाखवा

कोड लिहिण्याआधी बग (सॉफ्टवेअरमधली चूक) नोंदवायला शिका. हे काम कमी दर्जाचं समजलं जातं, त्यामुळे ते नीट करणारी माणसं फार थोडी असतात आणि ती लगेच नजरेत भरतात.

चांगल्या नोंदीत चार गोष्टी हव्यात. मी काय केलं. काय व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात काय झालं. आणि कुठल्या आवृत्तीवर. यानंतर खरी मेहनत: उदाहरण लहान करत जा. चारशे ओळींच्या फाइलमध्ये बग दिसतो, तर अर्धी फाइल काढून पाहा. अजून दिसतो का? पुन्हा अर्धी काढा. शेवटी पाच ओळी उरतात, आणि बऱ्याचदा त्या पाच ओळींकडे बघतानाच कारण सापडतं. जुन्या आवृत्तीत चालत होतं आणि नवीत मोडलं असेल, तर गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनातलं बायसेक्ट वापरा. ते मधल्या कमिटांतून (नोंदवलेल्या बदलांतून) निम्मे निम्मे वगळत नेमका दोषी कमिट काढून देतं. हजार कमिट असले तरी दहा-एक फेऱ्यांत काम होतं.

बगची उत्तम नोंद काय करू शकते, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण मार्च २०२४ चं आहे. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा डेव्हलपर कामगिरीची मोजमापं घेत असताना त्याला जाणवलं की एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायच्या सुरक्षित पद्धतीने) लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने ते सोडून दिलं नाही. माग काढत तो एक्सझेड या संपीडनाच्या लायब्ररीपर्यंत पोचला आणि तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं चोरदार (बॅकडोर, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट) त्याला सापडलं. मग त्याने सार्वजनिक मेलिंग लिस्टवर सगळं लिहिलं: काय दिसलं, कसं मोजलं, काय सिद्ध झालं आहे, आणि काय तपासलेलं नाही. आपण सुरक्षा-तज्ज्ञ नाही, हेही त्याने स्पष्ट लिहिलं. ती मेल मिळवून वाचा. आपल्याला किती कळलंय याची सीमा इतक्या नेमकेपणाने आखणारं लिखाण मी क्वचित पाहिलंय.

याच घटनेची दुसरी बाजू अंगावर येणारी आहे. चोरदार ठेवणाऱ्याने जिया टॅन या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात मदत केली होती, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. तेव्हापासून लहान प्रकल्पांचे मेंटेनर नव्या माणसाकडे जरा जास्त निरखून पाहतात. तुमचा पहिला पॅच हळू तपासला गेला, प्रश्न विचारले गेले, तर तो अविश्वास तुमच्यावर वैयक्तिक नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी ३: पहिला पॅच, लहान आणि पूर्ण

ओपन सोर्स प्रकल्प (ज्याचा कोड कुणीही पाहू आणि सुधारू शकतो असा) निवडताना स्टार, म्हणजे लोकांनी आवडल्याच्या केलेल्या खुणा, मोजू नका. तीन गोष्टी पाहा: गेल्या महिन्याभरात काही मर्ज झालंय (कुणाचा बदल स्वीकारला गेलाय) का, नव्या लोकांना मेंटेनर कसं उत्तर देतात, आणि तुम्ही स्वतः ते सॉफ्टवेअर वापरता का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण वापरणाऱ्यालाच चूक दिसते.

मग प्रकल्प स्वतःच्या लॅपटॉपवर उभा करा आणि आधी त्याच्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवून पाहा. यात अख्खा शनिवार जाईल. जाऊ द्या. उभारणीच्या सूचनांत एखादी पायरी चुकलेली किंवा जुनी सापडली तर तीच दुरुस्ती तुमचा पहिला पॅच होऊ शकते, कारण ती खरी अडचण होती आणि ती तुम्ही भोगली आहे.

पण नुसती संख्या वाढवण्यासाठी रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये शब्द घालू नका. २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टसाठी हजारो निरर्थक पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारा अशा विनंत्या) आल्या, मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले आणि सहभाग प्रकल्पांच्या मर्जीवर ठेवावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जावास्क्रिप्टमधल्या वेब-सर्व्हरच्या प्रकल्पावर तेच घडलं. एका शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलेलं उदाहरण विद्यार्थ्यांनी जसंच्या तसं गिरवलं आणि रीडमीत स्वतःची नावं घालणाऱ्या पुल रिक्वेस्टांचा ढीग लागला. त्या मुलांना कुणी समजावलं नव्हतं की पलीकडे एक माणूस बसलाय आणि त्याला प्रत्येक विनंती उघडून वाचावी लागते.

एआयच्या साधनांनी लिहिलेल्या पॅचबद्दलही हेच. साधन वापरा, मीही वापरतो. पण प्रत्येक ओळ का आहे, हे विचारल्यावर तुम्हाला सांगता यायला हवं. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी यंत्राने रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींनी आपला किती वेळ खाल्ला, हे उघडपणे मांडलंय. न वाचता पाठवलेली एक तक्रारही मेंटेनरच्या लक्षात राहते.

कमिटचा मजकूर लिहिताना पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत ठेवा, एक ओळ मोकळी सोडा, आणि खाली "का" ते लिहा. काय बदललं ते कोड सांगतोच. तुमच्या पॅचसोबत एक टेस्ट द्या, जी दुरुस्तीआधी नापास होते आणि नंतर पास. मराठीच्या बगला तर टेस्ट हवीच, कारण उद्या हा कोड बदलणाऱ्याला "दऱ्या" वाचता येणार नाही. मोडलं तर त्याला टेस्टच सांगणार.

पायरी ४: रिव्ह्यू सोसायला शिका, मग करायला

पहिल्या पॅचवर पंधरा शेरे येतील. आपल्याकडे मास्तरांनी लाल पेनाने वही रंगवली की मान खाली घालायची सवय असते, त्यामुळे अनेक जण इथेच गप्प होतात आणि पुल रिक्वेस्ट तशीच लोंबकळत राहते. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या: केलं, किंवा या कारणासाठी केलं नाही, किंवा समजलं नाही, उदाहरण द्याल का. पटत नसेल तर तसं सभ्यपणे लिहा. उत्तर आलं नाही तर आठवडा-दोन आठवडे थांबा आणि एकदाच आठवण करा.

पाच-सहा पॅच मर्ज झाले की दुसऱ्यांचे पॅच तपासायला लागा. कुणी सांगायची वाट बघू नका. नवा पॅच आला की तो आपल्याकडे चालवून पाहा आणि "अमुक आवृत्तीवर चालवला, या तीन प्रकारे तपासला, इथे अडला" असं लिहा. मेंटेनरच्या डोक्यावरचं ओझं कमी करणारं याहून मोठं काम नाही. माझ्या ओळखीतल्या ज्यांना पुढे मेंटेनरचे अधिकार मिळाले, त्यांच्याकडे ते याच वाटेने आले.

गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्समध्ये मार्गदर्शनाखाली काम करायचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीच अट राहिलेली नाही, नवखे कामकरीही अर्ज करू शकतात. आउटरीची हाही मानधन मिळणारा चांगला कार्यक्रम आहे. दोन्हीकडे निवड करताना त्या प्रकल्पात आधी केलेलं काम पाहिलं जातं, म्हणून वरच्या पायऱ्या आधी.

पायरी ५: इंग्रजीची भीती आणि लिखाण

मराठी माध्यमातल्या मुलांशी मी यावर तासन्‌तास बोललोय. बग ट्रॅकरवर जगभरची माणसं मोडकंतोडकं इंग्रजी लिहितात आणि कामं होतात. लहान वाक्यं लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. सहा महिन्यांत तुमचाच जुना मजकूर तुम्हाला परका वाटेल.

आणि मराठीतही लिहा. एखादा बग कसा सापडला याची आठशे शब्दांची हकिकत, कोडच्या नमुन्यासह. मराठीत असं लिखाण इतकं कमी आहे की चांगलं लिहिलेलं पान वर्षानुवर्षं वाचलं जातं. पुण्या-मुंबईत फॉस युनायटेड या ओपन सोर्सच्या संस्थेचे मेळावे होतात, तिथे दहा मिनिटांचं सादरीकरण मागा. पायकॉन इंडिया ही पायथनची परिषद बेंगळुरूला २००९ मध्ये सुरू झाली आणि २०११ साली पुण्यात भरली होती. अशा परिषदांत पहिल्यांदा बोलणाऱ्यांना आवर्जून संधी देतात.

पायरी ६: नोकरीतलं नाव

सर्व्हिस कंपनीत पहिली दोन-तीन वर्षं गेली, बेंचवर (प्रोजेक्टविना) बसावं लागलं, जुन्या जावाची देखभाल वाट्याला आली, म्हणून करिअर फुकट गेलं असं मानू नका. देखभालीच्या कामात दुसऱ्यांचा कोड वाचायची जी सवय लागते, ती कोऱ्या पाटीवर लिहिणाऱ्यांना मिळत नाही.

इथे नाव ठरतं ते दोन प्रसंगांत.

पहिला प्रसंग: "कधी होईल?" आपलं ठरलेलं उत्तर, "होऊन जाईल सर, उद्यापर्यंत." ते तोंडातून निघण्याआधी थांबा. "दोन तास द्या, बघून सांगतो" म्हणा. मग कामाचे तुकडे करून सांगा: एवढं मला माहीत आहे, त्याला दोन दिवस. एवढं माहीत नाही, ते कळायला एक दिवस. उशीर होणार असेल तर मुदतीच्या आधी सांगा. मुदतीच्या दिवशी सांगितलेल्या उशिराने मॅनेजर क्लायंटसमोर तोंडघशी पडतो, आणि ते तो विसरत नाही.

दुसरा प्रसंग: चूक. माझी स्वतःची सांगतो. एका अहवालाच्या कोडमध्ये मी तारखेचा क्रम बदलला, दिवस-महिना याऐवजी महिना-दिवस असा वाचला. ५ मार्च ही ३ मे झाली आणि प्रोग्रामने तक्रारही केली नाही, कारण दोन्ही खऱ्या तारखा आहेत. बारा तारखेपर्यंत सगळं सुरळीत दिसत होतं. तेरा तारखेला प्रोग्राम कोसळला, कारण तेरावा महिना नसतो. तोवर बारा दिवसांचे अहवाल चुकीचे जाऊन बसले होते. माझे हात थंड पडले. पण कुणी विचारायच्या आत मी मॅनेजरकडे गेलो, काय झालं, कुणाकुणाला चुकीचे अहवाल गेले, ते परत कसे काढता येतील, हे एका पानावर लिहून दिलं. नंतर त्या कोडला १२ च्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही तारखांच्या टेस्ट जोडल्या. त्या वर्षी मला वाटलं माझं अप्रेझल गेलं. प्रत्यक्षात पुढचं जोखमीचं काम माझ्याकडेच आलं, आणि "तुम्ही स्वतः येऊन सांगितलं होतं म्हणून," असं मॅनेजरने कारणही सांगितलं.

एक सावधगिरी इथेच. ऑफर लेटर आणि नेमणूक पत्र पूर्ण वाचा. बाहेरच्या कामाबद्दल आणि तुम्ही लिहिलेल्या कोडच्या मालकीबद्दल त्यात कलमं असतात. ओपन सोर्सचं काम करायचं असेल तर मेलवर लेखी परवानगी घ्या, स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचा ईमेल वापरा, आणि कंपनीच्या कोडची एक ओळही बाहेर नेऊ नका.

पायरी ७: रेझ्युमे आणि मुलाखत

आता हे सोपं होतं. भाषांची यादी एका ओळीत आटपा. खाली तीन कामं, प्रत्येकाला दोन ओळी आणि एक दुवा: प्रश्न काय होता, तुम्ही काय केलं, आता काय वेगळं होतं. "अमुक लायब्ररीत मराठी शब्द काना-मात्रेपाशी तुटत होते, दुरुस्ती आणि टेस्ट दिली, पुढच्या आवृत्तीत गेली." असा रेझ्युमे हातात आला की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. मुलाखतीत मी त्याच कामाबद्दल विचारणार, आणि तिथे तुमच्याहून जास्त माहिती मला नसणार.

पायरी ८: निघताना

राजीनामा दिल्यावर बऱ्याच कंपन्यांत तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. हातात नवी ऑफर असते, मन तिकडे गेलेलं असतं, आणि लोक हे महिने कसेबसे ढकलतात. पण मागे राहणारे सहकारी पुढे दहा ठिकाणी पांगतात, आणि तुमच्याबद्दल कुणी विचारलं की त्यांना हे तीन महिनेच आठवतात.

पहिल्या आठवड्यात एक यादी करा: फक्त मलाच माहीत असलेल्या गोष्टी. कुठली स्क्रिप्ट महिन्याच्या शेवटी हाताने चालवावी लागते, कुठल्या क्लायंटच्या फाइलमध्ये एक स्तंभ जास्त येतो, कुठला अलर्ट आला तरी घाबरायचं नाही. एकेक गोष्ट लिहून काढा आणि लिहिलेलं पान नव्या माणसाला द्या, तोंडी सांगू नका. शेवटच्या पंधरवड्यात त्याला पूर्ण रिलीज करायला लावा. तुम्ही शेजारी बसा, कीबोर्डला हात लावू नका. तो जिथे अडेल, तिथे पानात एक ओळ वाढवा.